वारल्यांची वाणी

जव्हार संस्थानाच्या स्थापनेविषयीं एक आख्यायिका जुन्या गॅझेटियरांतून छापलेली आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्या मुलखांत एका वारली नायकाची सत्ता होती. कोळी सरदार जयबा मुकणे ह्यानें त्याजकडे बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जमीन मागितली आणि वारल्यानें ती देऊं केली. मग जयबानें त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, आणि त्या वाद्यांच्या वेढ्यांत जेवढा मुलूख सांपडला तेवढा आपला केला. ज्यांनीं व्हर्जिल वाचला आहे त्यांना ही युक्ति ओळखीची वाटेल. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज नगर वसविणाऱ्या डायडो राणीनेंही तेथील लोकांना असेंच फसविलें होतें, आणि गॅझेटियर लिहिणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनीं हें साम्य तेथल्या तेथें नोंदविलें आहे. लोककथांना पाय असतात. त्या कोठून निघतात आणि कोठें मुक्काम करितात ह्याचा माग लावूं पाहणारे पंडित बहुधा वाटेंतच दमतात. त्या भानगडींत आम्ही पडत नाहीं.

आम्हांस ह्या कथेंत लक्षांत घेण्याजोगी वाटते ती गोष्ट निराळी आहे. वारली येथें तरवारीनें हरलेला नाहीं. तो हरला आहे एका शब्दाच्या अर्थानें. 'कातड्याएवढी' म्हणजे किती, ह्याविषयीं देणाऱ्याच्या मनांत एक होतें आणि घेणाऱ्याच्या मनांत दुसरें. कथा खरी असो वा रचलेली असो, तिच्या पुढचा साडेसहाशें वर्षांचा वारल्यांचा इतिहास पाहिला म्हणजे ती रचणाराला मर्म बरोबर कळलें होतें असें म्हणावें लागतें.

कोळी राजांचा इतिहास कागदावर आहे. जयबाचा मुलगा नेमशहा ह्यास दिल्लीच्या सुलतानाकडून १३४३ सालीं राजा म्हणून मान्यता मिळाली. त्या वर्षाच्या ५ जूनपासून जव्हारांत एक स्वतंत्र शक धरण्यांत आला आणि तो सरकारी कागदपत्रांत पुढें चालू राहिला. १६६४ सालीं सुरतेच्या स्वारीवर जातांना शिवाजी महाराज ह्या वाटेनें गेले आणि विक्रमशहाची व त्यांची भेट जव्हारजवळ झाली. ती जागा अजून शिरपामाळ म्हणून दाखवितात. आठ वर्षांनीं मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार घेतलें. इंग्रजी अमलांत सुमारें ३१० चौरस मैलांचें हें संस्थान शिल्लक राहिलें, १९४८ सालीं तें मुंबई राज्यांत विलीन होऊन ठाणें जिल्ह्यांत गेलें, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हां जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्यांत आले. ह्या सर्व उलाढालींत वारली कोठें आहे? राजवाड्याचे दगड वाहतांना असेल, पालखीपुढें मशाल धरून असेल. परंतु कागदावर तो नाहीं. ज्या समाजाजवळ सनद नाहीं, बखर नाहीं, शिलालेख नाहीं, त्याच्या इतिहासाचें साधन म्हणून त्याची बोलीच हातीं धरावी लागते. भाषाशास्त्राकडे आम्ही वळलों ते ह्या इतिहासाच्या गरजेपोटीं, हें वाचकांनीं लक्षांत असूं द्यावें.

जव्हार हें सुमारें दीड हजार फूट उंचीवरील पठाराचें गांव. तेथून पूर्वेस मोखाडा आणि खोडाळा ओलांडून रस्ता त्र्यंबकाकडे चढतो. पावसाळ्यांत येथें धो धो पाऊस पडतो आणि चैत्र-वैशाखांत बायका डोक्यावर हंडे घेऊन मैलोगणती चालतात. वैतरणेच्या खोऱ्यांत बांधलेल्या धरणांचें पाणी नळांनीं मुंबईस जातें, हा योगायोग लिहून ठेवण्यापलीकडे आम्हांस कांहीं करतां येत नाहीं. लोकसंख्येंत शेंकडा नव्वदांहून अधिक माणसें आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, काथोडी अशा त्यांच्या जाति, आणि प्रत्येकीच्या तोंडीं निराळी वळणें. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर गेलें तरी जाणता माणूस दोन वाक्यांत बोलणाराची जात सांगतो. काथोडी हे संख्येनें थोडे आणि दैन्यानें सर्वांत पुढें. खैराच्या लांकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून त्यांना नांव मिळालें, तो धंदा जंगलच्या कायद्यांनीं मोडला, आणि नांव मात्र राहिलें. त्यांच्या बोलीचा विचार स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथें वारल्यांपुरतेंच बोलूं.

शहरांतील माणसास वारल्याच्या बोलण्यांत पहिल्यानें खटकतात ते दोन वर्ण, किंबहुना त्यांचा अभाव: ण आणि ळ. पुष्कळ वारल्यांच्या तोंडीं पाणी हें पानी होतें, डोळा हा डोला होतो, काळा हा काला होतो. गांवोगांव ह्यांत फरक आहे, आणि शाळा शिकलेल्या पोरांच्या तोंडीं दोन्ही रूपें आलटून पालटून येतात. तथापि सामान्य ओघ असा आहे. तो वारल्यांपुरताच आहे असेंही नाहीं. किनाऱ्याकडील कोळी, आगरी ह्यांच्या बोलण्यांतही तो आहे, आणि त्यांच्याकडे तर घोड्याचा घोरा होतो. आईस, बापूस, भाऊस अशीं शेवटीं स लागलेलीं नात्यांचीं नांवें ह्या सर्व उत्तर कोकणाची सामायिक ठेव आहे.

आमच्या सुशिक्षित वर्गांत ह्या उच्चारांना 'अशुद्ध' म्हणण्याची रीत आहे. अशुद्ध म्हणजे काय, हें एकदां नीट तपासून पाहूं. संस्कृतांत शब्द आहे पानीय. त्यांत न आहे. प्राकृतांत दोन स्वरांमधील एकेरी न चा ण झाला आणि त्याच वाटेनें मराठींत पाणी आलें. उलट संस्कृतांत कर्ण, पर्ण ह्या शब्दांत ण आहे. प्राकृतांत तो दुहेरी झाला, कण्ण, पण्ण, आणि मराठींत त्याचा न होऊन कान, पान हे शब्द आले. ळ ची कथाही तीच. फल, बाल, काल ह्या संस्कृत शब्दांतील एकेरी ल मराठींत ळ झाला: फळ, बाळ, काळ. तेल ह्या शब्दांत मात्र प्राकृतांतील ल्ल चा एक ल उरला, म्हणून तें तेळ झालें नाहीं. ज्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडितानें हे नियम आपल्या ग्रंथांत मांडले, आणि वासुदेव गोपाळ परांजपे ह्यांनीं १९४१ सालीं त्या ग्रंथाचें 'मराठी भाषेचा विकास' हें भाषांतर करून ते आपणांस सुलभ केले. तेव्हां संस्कृताशीं जुळणें हीच जर शुद्धता, तर पानी आणि फल म्हणणारा वारली शुद्ध बोलतो, आणि पाणी व फळ म्हणणारे आम्ही भ्रष्ट ठरतों! अर्थात् वारल्यानें संस्कृत जपून ठेवलें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्याही बोलीनें प्राकृताची वाट चालून झालेली आहे; पुढें केव्हां तरी ण-न आणि ळ-ल ह्या जोड्यांतील भेद तिनें सोडून दिला इतकेंच. काल येणारा माणूस, येऊन ठेपलेला काळ आणि काळा बैल हे तिघे तिच्यांत जवळ जवळ एकाच आवाजाचे झाले, आणि तरी वारल्याला कोणी कधीं बैलाच्या ऐवजीं कालचा दिवस नांगराला जुंपतांना पाहिलें नाहीं.

येथें एक गोष्ट विशेष आहे, आणि ती इतिहासाच्या अभ्यासकानें डोळ्यांआड करूं नये. वारल्याच्या एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस गुजराती. ह्या दोन्ही भाषांत ण आहे आणि ळ आहे. मध्यें सांपडलेल्या बोलींत ते क्षीण व्हावे, ह्याचा अर्थ ती दोहोंपैकीं एकीचीही ओबडधोबड नक्कल नव्हे. नक्कल करणारा दोन्ही शेजाऱ्यांच्या घरांत असलेली वस्तु टाकून कां देईल? ह्या लोकांची मूळ भाषा निराळी होती आणि ती टाकून त्यांनीं आर्यभाषा उचलली, असा तर्क कांहीं विद्वान् करितात. तसें असेल तर जुन्या जिभेची संवय नव्या शब्दांवर उमटली असें म्हणतां येईल. परंतु त्या मूळ भाषेचें एक वाक्यही हातीं नसतांना त्यावर इमारत उभी करणें आमच्या प्रकृतीस मानवत नाहीं. हिंदीसारख्या कित्येक कोटींच्या भाषेनेंही ळ टाकला आहे; तेथें कोणी पराभूत जिभेचा शोध घेत नाहीं.

जित लोकांचे ध्वनि जेत्यांच्या भाषेंत राहून जातात ह्याचें उदाहरण पाहावयाचें तर दक्षिण आफ्रिकेकडे वळावें. तेथील खोइ आणि सान लोकांच्या भाषांत जीभ टाळूस किंवा दांतांस चिकटवून झटक्यानें सोडल्यानें होणारे टिचके व्यंजनें म्हणून वापरतात. कोणाविषयीं हळहळ वाटली असतां आपण जो च्च् च्च् असा आवाज करितों, किंवा बैल हांकतांना गाडीवान जो टक् टक् करितो, त्याच जातीचे हे ध्वनि. आपण त्यांना भाषेच्या उंबरठ्याबाहेर ठेविलें आहे, त्यांनीं घरांत घेतलें आहे. बांटू कुळांतील खोसा आणि झुलू लोक उत्तरेकडून आले, त्यांनीं ह्या मूळच्या रहिवाशांना मागें सारलें, त्यांच्या मुली घरांत आणल्या, आणि त्या मुलींबरोबर हे टिचकेही आले. आज खोसा हें नांवच टिचक्यानें सुरू होतें. मिशनऱ्यांना तें लिहावयास अक्षर सांपडेना, म्हणून रोमन लिपींतील सी, क्यू आणि एक्स हीं रिकामीं पडलेलीं तीन अक्षरें त्यांनीं ह्या कामीं लाविलीं. आमच्या मराठीनें वारल्यांच्या घरून काय आणलें, ह्याचा शोध कोणीं नीट केलेला आम्हांस ठाऊक नाहीं. देणें आम्हींच दिलें, घेणें कांहीं नव्हतें, असें आम्ही गृहीत धरून चालतों.

वारली बोली कागदावर पद्धतशीर उतरली ती सर जॉर्ज ग्रियर्सन ह्यांच्या भाषासर्वेक्षणांत. मराठीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला आणि त्याचें काम मुख्यतः स्टेन कोनो ह्या नॉर्वेच्या पंडितानें केलें. त्यांत आगरी, ठाकरी, काथोडी, वारली, वाडवळ, सामवेदी अशा कोकणच्या बोलींना एकामागून एक जागा मिळाली आहे. सर्वेक्षणाची पद्धति अशी होती कीं, बायबलांतील उधळ्या मुलाचा दृष्टांत सर्व हिंदुस्थानभर पाठवावयाचा आणि त्या त्या बोलींत तो उतरवून मागवावयाचा. बापाची मालमत्ता वांटून घेऊन ती परमुलखांत उडविणारा मुलगा! ज्या वारल्याच्या बापाजवळ वांटून देण्यासारखी मालमत्ता नाहीं, आणि परमुलूख म्हणजे सावकाराचें शेत, त्याच्या तोंडून ही गोष्ट वदवून घेतांना काय गंमत झाली असेल! ती ऐकून लिहून घेणार कारकून. कारकुनाचा हात वळणदार, ळ आणि ण त्याच्या लेखणीच्या टोंकाशीं सदैव तयार. त्याच्या कानानें जें ऐकलें तेंच सर्वत्र लिहिलें गेलें असेल, असा हवाला कोण देईल? तरीही ह्या खंडाचे उपकार मोठे आहेत. त्यापूर्वीं ह्या माणसांच्या बोलण्याला व्याकरण असतें, हेंच कोणाच्या गांवीं नव्हतें. पुढें डॉ. अमृत माधव घाटगे ह्यांनीं मराठी बोलींच्या पाहणीच्या मालेंत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. आणि अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजानें राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानें जें नवें सर्वेक्षण केलें, त्यांत तर बोलणाराचा आवाजच मुद्रित करून ठेविला आहे. आतां कारकुनाच्या लेखणीवर विसंबावयास नको.

ग्रियर्सनच्या खंडांत वारली ही मराठीची बोली. परंतु २००१ व २०११ सालच्या खानेसुमारींचे भाषेचे तक्ते उघडले तर वारली आणि कोकणा ह्या दोन्ही 'भिली' ह्या मथळ्याखालीं, पावरी आणि मावची ह्यांच्या पंक्तीस बसलेल्या दिसतात. माणूस तोच, बोली तीच, घर मात्र बदललें. हा केवळ पंडितांचा खेळ असता तर आम्ही त्याची दखल घेतली नसती. परंतु भाषेच्या नांवावर आपल्याकडे राज्यांच्या सीमा पडल्या आहेत. डांगची बोली मराठीची कीं गुजरातीची, ह्यावर १९४९ पासून जो वाद माजला तो १९६० सालीं डांग गुजरातेंत जाऊन मिटला, म्हणजे कागदावर मिटला. त्याच सालीं ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेंत गेला आणि तलासरीकडचा इकडे राहिला. दादरा-नगरहवेली तर १९५४ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. एकाच तारप्यावर नाचणारे वारली अशा रीतीनें तीन सरकारांच्या दप्तरांत वांटले गेले. त्यांचीं मुलें एकीकडे मराठी धडा गिरवूं लागलीं, दुसरीकडे गुजराती. दोन्ही पक्षांचे वकील बोलीचीं रूपें पुराव्यादाखल पुढें करीत होते. बोली साक्षीदार म्हणून उभी केली गेली. बोलणाराला कोणीं समन्स काढलें नाहीं.

ह्या बोलींत जुनी मराठी किती खोल रुजली आहे ह्याचें एकच उदाहरण देतों, कारण तें आम्हांस फार मोलाचें वाटतें. वारल्यांचें लग्न ब्राह्मण लावीत नाहीं, आणि पुरुषही लावीत नाहीं. तें लावते एक बाई. तिला धवलेरी म्हणतात. तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक काढला जातो, त्यांत पालघाट देवी बसते, आणि धवलेरी देवादिकांना गाण्यांतून बोलावीत लग्न सिद्धीस नेते. कणसरी, म्हणजे कणसाची देवी, तिच्या गाण्यांत येते. आतां हें धवलेरी नांव पाहा. तेराव्या शतकांत महानुभाव पंथाच्या महदाइसेनें रिद्धपुरास विवाहगीतें रचिलीं. त्यांना धवळे म्हणतात, आणि त्यांवरून महदाइसेला मराठींतील आद्य कवयित्रीचा मान दिला जातो. आमच्या घरच्या लग्नांतून धवळे केव्हांच गेले. मंगलाष्टकें उरलीं, आणि आतां त्यांच्या जागीं सिनेमाचीं गाणीं आलीं आहेत. महाविद्यालयांत धवळे पाठ्यपुस्तक म्हणून शिकवावे लागतात आणि त्या शब्दाखालीं टीप द्यावी लागते. जव्हारच्या पाड्यावर तो शब्द, ळ च्या जागीं ल घेऊन, जिवंत बाईचें नांव आहे! ज्या बोलीला आम्ही अशुद्ध म्हणतों तिनें सातशें वर्षांपूर्वींच्या मराठींतील एक संस्था सांभाळून ठेविली, आणि ती बाईच्या हातीं ठेविली, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासांत एखाद्या तळटीपेंत तरी असावयास हवी होती.

लग्नाचा विषय निघाला म्हणून दुसरा एक शब्द सांगणें प्राप्त आहे. तो शब्द लग्नगडी. लग्नासाठीं सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे रुपये घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोनें त्याच्या घरीं राबावयाचें, असा हा व्यवहार होता. तो फिटत नसे, हें निराळें सांगावयास नको. हिशेबाचा कागद सावकाराच्या भाषेंत, आंकडे सावकाराचे, अंगठा मात्र वारल्याचा. कातड्याच्या वाद्या पुन्हां एकदां निघाल्या! १९३९ च्या सुमारास सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्यानें मुंबई सरकारास जो अहवाल दिला त्यांत ह्या वेठीचें व गुलामगिरीचें वर्णन आहे, आणि के. जे. सावे ह्यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ सालीं निघाला. त्याच वर्षीं उंबरगांव-डहाणू भागांत वारल्यांनीं किसान सभेच्या झेंड्याखालीं वेठ नाकारली. १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. ती सर्व हकीकत गोदावरी परुळेकर ह्यांच्या 'जेव्हां माणूस जागा होतो' ह्या १९७० सालच्या पुस्तकांत आहे, आणि ज्यांनीं तें वाचलें नसेल त्यांनीं हा लेख बाजूस ठेवून तें आधीं वाचावें. आमच्या विषयापुरतें इतकेंच कीं, लग्नगडी ह्या शब्दांत लग्न आहे आणि गडी आहे, दोन्ही शब्द आमच्या रोजच्या वापरांतले. त्यांचा समास मात्र आमच्या कोशांत नव्हता.

आज सावकाराचा कागद गेला, शाळेचा कागद आला. कांहीं वर्षांपूर्वीं त्या बाजूच्या एका शाळेंत जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. मास्तर तरुण होते, मन लावून शिकवीत होते, आणि देशावरून बदलून आलेले होते. पहिलीच्या वर्गांत एक मुलगी वाचीत होती: बाल, फल, पानी. मास्तर प्रत्येक वेळीं प्रेमानें थांबवीत आणि म्हणत, "बाळ म्हण, बाळ." मुलगी त्यांच्या तोंडाकडे पाही, जीभ मागें वळवून पाही, आणि पुन्हां बाल म्हणे. तीनचार खेपा झाल्यावर ती वाचावयाचीच थांबली. सुटी झाली तेव्हां तीच मुलगी अंगणांत पांच-सहा पोरींना कोल्ह्याची कसली तरी गोष्ट सांगत होती, आणि त्या गोष्टींत इतक्या वेगानें व इतक्या रंगानें बोलत होती कीं, आम्हांस तिच्यांतले निम्मे शब्द कळले नाहींत. मास्तरांना विचारलें तर तेही हंसून म्हणाले, "साहेब, मलाही सगळें कळत नाहीं. पण मुलें हुशार आहेत."

मातृभाषेंतून आरंभींचें शिक्षण द्यावें असें २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांतही लिहिलें आहे. परंतु वारली मुलाची मातृभाषा कोणती, ह्या रकान्यांत काय भरावयाचें? ग्रियर्सनला विचारावें तर मराठी, खानेसुमारीला विचारावें तर भिली, आणि शाळेच्या दाखल्यावर तर मराठीच असते. मराठी असल्यामुळें निराळ्या पुस्तकाची गरज नाहीं असें ठरतें. आणि मराठी असूनही बाल म्हटल्याबद्दल मुलगी वर्गांत थांबविली जाते. एका बाजूनें आपली म्हणावयाची आणि दुसऱ्या बाजूनें चुकीची म्हणावयाची, असा हा दुहेरी न्याय आहे. वारली बोलींत पहिलें पुस्तक काढणें ही फार मोठी खर्चाची किंवा विद्वत्तेची बाब नाहीं. घाटग्यांचें वर्णन आहे, डेक्कन कॉलेजाचीं ध्वनिमुद्रणें आहेत, वारली समाजांतून पदवीधर झालेले शिक्षक आतां आहेत, आणि गोष्टी तर अंगणांत फुकट मिळतात. त्या पुस्तकांत ळ दुसऱ्या वर्षीं आला तरी चालेल. मुलगी तो शिकेल. तिच्या आईबापांना बाजारांत, दवाखान्यांत आणि कचेरींत तो ऐकून पाठ आहे. शिरपामाळाच्या पाटीवर ळ लिहिलेला आहे, आणि वाटेनें जाणारी म्हातारी त्या जागेला शिरपामाल म्हणते. दोघेंही एकाच जागेविषयीं बोलत आहेत, हें तिला ठाऊक आहे.